दसऱ्याला पडलेलं आरपार भोक

आई सिंगापूरला माझ्याकडे कायमची राहायला आली आहे, असं मी धरून चालले होते. आई काय धरून चालली होती ते तिच्या बॅगेवरून कळत होतं. बॅग पलंगाखाली आणि आईचं सगळं बिऱ्हाड बॅगेत. रोज सकाळी आंघोळीआधी ती गुडघे टेकून बॅग बाहेर ओढायची, चेन उघडायची, साडी काढायची, चेन लावायची आणि बॅग पुन्हा आत ढकलायची. चेनचा तो सर्रर आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि माझ्या दिवसाची सुरुवातच डोकं फिरून व्हायची. उद्या विमान असल्यासारखं वागणं चाललं होतं आणि तेही कित्येक महिने.

बाबा गेल्यावर ती चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. मग एकदा फोनवर म्हणाली, "घर खायला उठतं गं." मी एकुलती एक. लगेच तिकीट काढलं आणि तिला घेऊन आले. पासिर रिसला आमचा फ्लॅट आहे. आईला स्वतंत्र खोली, लिफ्टने खाली उतरलं की बाजार, चार पावलं चाललं की समुद्र. लाँग टर्म व्हिजिट पासही मिळाला होता. आता तो वाढवून घ्यायची वेळ आली होती आणि मी विषय काढला की आई म्हणायची, "बघू."

"बघू" हा आमच्या घरातला नकार आहे. बाबांना एकदा दाढी ठेवायची होती, तेव्हाही आई "बघू"च म्हणाली होती. बाबा शेवटपर्यंत गुळगुळीत राहिले.

एके दिवशी मी वैतागून विचारलंच, "तू कपडे कपाटात का ठेवत नाहीस?"

"कपाट कुठाय? नुसत्या फळ्या आहेत."

हे मात्र खरं होतं. आमच्याआधीच्या मालकाने त्या खोलीत छातीइतक्या उंचीचं प्लायवूडचं कपाट भिंतीला ठोकून बसवलं होतं, पण त्याला दारं लावली नव्हती. मी म्हटलं, मग काय झालं? आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला साडीशिवाय बाजारात जायला सांगितलं होतं.

"परकर-पोलकी उघड्यावर मांडू? जावई येता-जाता बघणार?"

माझा नवरा तिच्या खोलीचा पंखा चालू राहिला तर तो बंद करायलाही आत जात नाही, दारातून मला हाक मारतो. पण खरा मुद्दा नवऱ्याच्या नजरेचा नव्हताच. लेकीचं घर म्हणजे जावयाचं घर, तिथे आठ दिवस जायचं, लाड करून घ्यायचे आणि मान आहे तोवर निघायचं, हे आईच्या हाडात मुरलेलं. घर माझ्याही नावावर आहे, असं मी तिला शंभरदा सांगितलं. त्यावर म्हणे, "असेल. पण पाटीवर आधी नाव त्यांचं आहे ना?" पाटी नवऱ्याने करून आणली होती. मी त्या दिवशी नवऱ्याशीही भांडून घेतलं.

मग मी मनाशी सरळ हिशेब मांडला. कपाटाला दारं लागली की साड्या आत जातील. साड्या आत गेल्या की आई राहील. इतकं साधं काम आणि मी उगाच भावनिक भाषणं देत बसले होते!

कामाला माणूस मिळतो का पाहिलं. एका कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "टू डोअर ओन्ली आह? सो स्मॉल जॉब, कॅनॉट लाह." दुसऱ्याने फोनच उचलला नाही. तेव्हा मी जाहीर केलं की दारं मी स्वतः बसवणार.

"तू?" नवरा म्हणाला. "तू लोकांच्या चुका शोधतेस. तो तुझा धंदा आहे. भोकं पाडणं हा वेगळा धंदा."

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम कुठे कुठे फुटू शकतं ते शोधून त्यांच्या तोंडावर सांगण्याचा मला पगार मिळतो. असल्या बाईला दोन दारं जड जाणार होती काय? मी मापं घेऊन लाकूडवाल्याकडून दारं कापून आणवली. पांढरी, गुळगुळीत. आणि बिजागऱ्या आणल्या त्या आतल्या. दार लावलं की बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दार आपटत नाही, शेवटी हळूच मिटतं.

या बिजागरीला एक गोल वाटी असते आणि ती दाराच्या मागच्या बाजूला खळगा पाडून त्यात बसवायची असते. सगळी मेख त्या खळग्यात आहे. तो रुंदीला नेमका पस्तीस मिलिमीटर हवा, दाराच्या कडेपासून नेमक्या अंतरावर हवा, आणि खोल हवा पण आरपार नको. हाताच्या अंदाजाने हे जमत नाही. म्हणून जिग मिळतो. तळहाताएवढी धातूची पट्टी, दाराच्या कडेला टेकवून घट्ट आवळायची, आणि तिच्यातल्या गोल घरातून ड्रिलचा जाड बिट सरळ खाली जातो. बिटच्या दांड्यावर छोट्या किल्लीने आवळलेली एक रिंग असते. रिंग टेकली की बिट थांबतो, पुढे जाऊच शकत नाही. थोडक्यात, मूर्ख माणसालाही चुकता येऊ नये अशी सगळी व्यवस्था.

आईने जिग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा तर करंजीचा साचा. सगळ्या सारख्या याव्यात म्हणून."

"अगदी तसंच," मी म्हटलं. एका टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून दाखवलं. इतकं सुरेख आलं, की मी तो तुकडा नवऱ्याच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवला.

दारांसाठी मी शुक्रवारची रजा टाकली. सकाळी उठून बाहेर आले तर हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर माझं ड्रिल, जिग, बिट, आईने चिंचवडहून बॅगेत घालून आणलेली विळी, माझ्या लेकीची कंपासपेटी आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप. सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट.

"आज खंडेनवमी," आई म्हणाली. "आज हत्यारांची पूजा. आज त्यांना हात लावायचा नाही."

"अगं, मी रजा काढली आहे!"

"मग तूही आराम कर. तू पण हत्यारच आहेस."

लेक म्हणाली, "आजी, माय कंपास बॉक्स आय नीड फॉर स्कूल लेह." तिला आजीने सांगितलं की बाईंना सांग, आज कंपासपेटीला सुट्टी आहे. लेकीला हे इतकं पटलं, की ती पेटी न घेता शाळेत गेली.

माझा जिग मात्र नव्यापेक्षा नवा दिसत होता. चकाचक. आई अभिमानाने म्हणाली, "चिंचेने घासलाय." मला हसू आलं. रागही आला होता, पण हसू जास्त. दसरा शनिवारी होता आणि रविवारी आमच्या इमारतीत ड्रिल चालवलेलं चालत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते दसऱ्यालाच. आई म्हणाली, "बघ, मुहूर्त आपोआप जुळून आला."

दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली आणि सगळं घर आईच्या खोलीत जमलं. पहिलं दार पालथं घालून दोन स्टुलांवर ठेवलं. मी जिग कडेला लावला, आवळला, चष्मा चढवला. नवरा म्हणाला, "नारळ फोडायचा का?" मी लक्ष दिलं नाही. ड्रिल सुरू केलं. लाकडाचा पांढरा भुगा भुरभुर वर येऊ लागला. बिट खाली चालला होता. चालला होता. मला वाटलं, रिंग टेकायला जरा वेळच लागतोय. मग एकदम हाताखालचा आधार निसटला आणि खाली फरशीवर काहीतरी टप्पकन पडलं. लाकडाची गोल चकती होती ती.

लेकीने भोकाला डोळा लावला. "मम्मा, आय कॅन सी द फ्लोअर."

नवऱ्याने तोंडावर हात दाबून धरला होता. त्याचे खांदे हलत होते. मी त्याला म्हटलं, "हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस." तो खरंच गेला, आणि बाहेरून आवाज आला.

मी बिट काढून पाहिला. रिंग दांड्यावर वर सरकून सैल बसली होती.

आई जवळ आली. रिंगकडे बघून तिचा चेहरा उतरला. "ही मी काढली होती गं. घासायला. तुझ्या त्या छोट्या किल्लीनेच काढली आणि परत बसवली. मला वाटलं, ही नुसती शोभेची आहे. अंगठीसारखी."

दुसऱ्यांना आपलं काम पाचपाच वेळा तपासायला लावणारी मी, मी ती रिंग एकदाही तपासली नव्हती. आईने पूजा केली म्हणजे सगळं ठीक असणार, असं कुठेतरी मीही धरून चालले असणार. पण हे मी तेव्हा बोलले नाही. मी म्हणाले, "कोणी सांगितलं होतं चिंचेने घासायला?" आणि जरा जोरातच म्हणाले.

आई हळूच म्हणाली, "तरी मी म्हणतच होते. माझ्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" ती वळली आणि पलंगापाशी गेली. खाली वाकली. मग तो आवाज आला. सर्रर.

ती आता बॅग भरणार, पासाचं नाव काढू देणार नाही, आणि हे सगळं माझ्या एका आवाज चढवण्यामुळे, असं मला वाटलं. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत मी तशीच उभी होते.

आई वळली तेव्हा तिच्या हातात शिंप्याची टेप होती. चिंचवडला अख्ख्या गल्लीची पोलकी शिवलेली बाई ती. तिने दाराची कड मोजली, भोक मोजलं, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दार फिरव. खालचं वर कर."

"त्याने काय होणार?"

"चुकलेली बाही दुसऱ्या हाताला लावतात तसं. फिरवलंस की ही कड कपाटाच्या मध्यावर येईल, उघडायच्या बाजूला. बिजागरी आता दुसऱ्या कडेला लाव. आणि या भोकात बोट घालून दार ओढायचं. तू मुठी आणल्या आहेस का?"

मी मुठी आणल्या नव्हत्या. विसरले होते. दार फिरवलं, तर भोक नेमकं वरच्या बाजूला आलं, आईच्या हाताच्या उंचीला. तिने बोट घालून पाहिलं. व्यवस्थित बसलं. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, तो म्हणाला, "आई, हिला तुमच्या हाताखाली ठेवा."

"दुसऱ्या दारालाही पाडायला लागेल," आई म्हणाली. "नाहीतर कपाट एकडोळं दिसेल. ते मी पाडते."

मी नको म्हटलं. ड्रिल हिसका देतं, मनगट दुखतं, लागेल. तिने ऐकून घेतलं आणि ड्रिल माझ्या हातातून काढून घेतलं. "आयुष्यभर शिलाई मशीन मारलंय. हे नुसतं उभं मशीन आहे." तरी मी आधी टाकाऊ तुकडा दिला. तिने एक भोक पाडलं. मग दुसरं. मग माझ्याकडे न बघता तिसरं. रिंग लावून, रिंग काढून, हळू, जोरात. तो तुकडा अनारशासारखा जाळीदार झाला तरी आई थांबेना. चष्म्यावर भुगा, केसात भुगा, पदर खोचलेला. मी तिला बाबा गेल्यापासून इतकी खूश पाहिली नव्हती. लेक उड्या मारत होती, "आजी, सो सॅटिस्फाइंग, अगेन, अगेन!"

बिजागऱ्यांचे सगळे खळगे आईनेच पाडले. प्रत्येक वेळी रिंग बोटाने हलवून बघायची आणि मगच सुरू करायची. मला जिगला हात लावायची मुभा नव्हती, मी फक्त दार धरून ठेवायचं होतं.

संध्याकाळ होता होता दारं कपाटाला चढली. एक किंचित वर, एक किंचित खाली. मी आईला बिजागरीवरचे स्क्रू दाखवले. हा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, हा फिरवला की पुढे-मागे, आणि हे सैल केले की वर-खाली.

आईने स्क्रू ड्रायव्हर घेतला, फिरवला, आणि दार खरंच सरकलं. "अगं बाई! एवढ्याशा स्क्रूने?"

"एवढ्याशा स्क्रूने."

"म्हणजे लोंबलेलं दारही वर घेता येतं?"

"येतं की."

"आणि बिजागरीची जागाच फाटली असेल तर?"

"तर जरा वर-खाली सरकून नवीन खळगा पाडायचा. जिग आहे ना."

हे मी किती हौसेने सांगितलं! समजावून सांगायची मला आवडच आहे. वर कागदावर चित्रही काढून दिलं. आई मन लावून ऐकत होती आणि मला वाटत होतं की ती माझ्या घरात रमते आहे.

त्या रात्री जेवणाआधी तिने साड्या लावल्या. एका कप्प्यात साड्या, दुसऱ्यात पोलकी, तिसऱ्यात बाबांची शाल. दारं लावली, ती हळूच मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मी नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. जिंकले होते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी चेनचा आवाज आला नाही आणि मी बिछान्यात पडल्या पडल्या एकटीच हसले.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चहा घेत होतो. मी म्हटलं, "आई, आता पास वाढवून घेऊया."

यावेळी ती "बघू" म्हणाली नाही. तिने कप खाली ठेवला. "मी जाईन म्हणते."

"का? कोणी काही बोललं का?"

"कोण बोलणार? उलट इतकं करता तुम्ही." तिने कप जरा बाजूला सरकवला. "अगं, तिथल्या स्वयंपाकघरातली दारं लोंबली आहेत. ओट्याखालचं तर निखळूनच पडलं. तुझे बाबा असते तर अर्ध्या तासाचं काम. ते गेल्यावर मी त्या दारासाठी किती जणांना फोन केले. येतो म्हणतात, येत नाहीत. एकदा वाट बघून बघून दाराला दोरी बांधली. त्या दिवशी तुला फोन केला, की घर खायला उठतं."

मी रिकामे कप गोळा करायला लागले.

"मला वाटलं होतं, आपल्याच्याने आता घर चालणार नाही," आई म्हणाली. "तसं काही नाही गं. चालेल. ड्रिल आहे बाबांचं, माळ्यावर. तेवढा तो साचा दे मला."

मला रडू आलं आणि मनापासून रागही आला. एक दार लोंबतं म्हणून ती माझ्याकडे आली होती, आणि दार कसं बसवायचं ते मीच तिला चित्र काढून शिकवलं होतं. तिच्याशी भांडायला माझ्याकडे एकही मुद्दा उरला नव्हता. जिग, बिट, रिंगची छोटी किल्ली, सगळं मीच जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. कपाटातल्या साड्या काढायला गेले तर म्हणाली, "चार राहू देत. पुढच्या वेळी बॅग हलकी होईल." मी त्या चार कुठल्या ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच बसले असते.

आता ती चिंचवडला आहे. पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिने ओट्याखालचं दार मला उघडून मिटून दाखवलं. मग शेजारच्या काकूंचं केलं. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं. आता तिला बिल्डिंगमध्ये कोणी चहाला बोलावलं तर ती पिशवीत जिग घेऊनच जाते. नवरा म्हणतो, आईंना फोन लावायच्या आधी वेळ मागून घ्यावी लागते.

परवा मी विचारलं, "आई, कधी येतेस?"

फोन कुठेतरी कलता ठेवलेला होता, मला तिचा फक्त कोपर आणि कोणाच्या तरी घरातलं निळं दार दिसत होतं. ड्रिल बंद झालं.

"येते गं. एवढं यांचं झालं की."

आणि तिने तिथल्या कोणाला तरी मोठ्याने, ठसक्यात सांगितलं, "जरा थांबा हं, लेकीचा फोन आहे." हा आवाज माझ्या घरात तिने कधी लावला नव्हता. माझ्याकडे असताना आई नेहमी हळू बोलायची, आणि मला वाटायचं, वयाने होत असेल.